धाकटा खात नाही, थोरली थांबत नाही

प्रश्न नाशिकच्या एका आईचा आहे, थोडक्यात असा. मुलगी साडेनऊ वर्षांची, वजन ४१ किलो, उंची १३४ सेंटिमीटर. मुलगा चार वर्षांचा, १४ किलो, ९९ सेंटिमीटर. मुलाला मोबाईल लावल्याशिवाय घास जात नाही, एकेक जेवण तासभर चालतं. मुलगी दिवसभर काहीतरी तोंडात टाकत असते. परवा तिच्या गादीखाली चॉकलेटचे आठ-नऊ कागद सापडले. सासूबाईंचं म्हणणं, नातू सुकत चाललाय, भुकेचं औषध आणा. नवऱ्याचं म्हणणं, पोरीला जरा आवर घाला. "एकाच हातचं खाऊन दोघं दोन टोकांना कशी? कुणाला काय देऊ आणि कुणाला काय नको?" सोबत त्यांनी दोन दिवसांचं सगळं खाणं वेळेसकट लिहून पाठवलंय. मागितल्याशिवाय हे सहसा कोणी करत नाही, त्यामुळे उत्तर जरा सविस्तर देतो.

सत्तावीस वर्षं मी लहान मुलांचा दवाखाना चालवतोय. या दोन्ही तक्रारी रोज कानावर येतात, पण बहुधा वेगवेगळ्या घरांतून. तुमच्याकडे त्या एकाच छताखाली आहेत, आणि तुमची वही वाचल्यावर मला तरी त्या दोन वाटल्या नाहीत. पोट मुलांचं, पण ते भरलं का हे ठरवणार मोठी माणसं. एकाला "अजून चारच घास", दुसरीला "बास आता". पोटाला विचारायची सवय दोघांचीही मोडत चालली आहे.

आधी धाकट्याचं सांगतो, ते सोपं आहे. तो बारीक आहे, पण आजारी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात चार वर्षांच्या मुलाचं मधलं वजन १६.३ किलोच्या आसपास आहे आणि काळजीची खालची रेषा १२.७ किलोला. तो या दोन्हींच्या मध्ये आहे. गेल्या वाढदिवसाचे आकडे तुम्ही दिलेत, त्यावरून वर्षात तो जवळजवळ दोन किलो आणि सात सेंटिमीटर वाढला. या वयात एवढंच वाढायचं असतं. बाळ पहिल्या वर्षात जन्मवजनाच्या तिप्पट होतं, त्या वेगानं ते पुढे वाढलं तर शाळेत जाईपर्यंत दारातून आत मावणार नाही. वाढ मंदावते म्हणून भूक मंदावते. पण आजीच्या डोळ्यांसमोर वर्षाचं गुटगुटीत बाळ असतं, आणि समोर उभा असतो बरगड्या दिसणारा चार वर्षांचा मुलगा. "खातो ते अंगाला लागत नाही" हे वाक्य बहुतेक वेळा या तुलनेतून येतं. तुम्ही दोघं नवरा-बायकोही लग्नाच्या फोटोत सडपातळच असाल, बघा जरा.

आता वहीतला त्याचा दिवस. सकाळी सातला ग्लासभर दूध, त्यात चॉकलेटची पावडर आणि दोन चमचे साखर, सोबत तीन बिस्किटं. शाळेचा डबा अर्धा परत. साडेबाराला मोबाईलवर कार्टून, आजीच्या हातून वरणभात, तासभर. चारला पुन्हा तसंच दूध. साडेपाचला बाबांच्या मित्रानं दिलेला चिप्सचा पुडा. साडेआठला पुन्हा भरवणं, रडारड, एकदा उलटी. आणि दहाला "उपाशी झोपायला नको" म्हणून तिसरा ग्लास.

तुम्ही लिहिलंय, "दिवसभरात काहीच खात नाही." मी फक्त दुधाचा हिशेब केला. २०० मिलीचे तीन ग्लास, दूध फुल क्रीम, वर साखर आणि पावडर: साडेसातशे कॅलरींच्या घरात जातं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या कोष्टकात चार ते सहा वर्षांच्या मुलाची दिवसाची सरासरी गरज १३६० कॅलरी धरली आहे, तीही १८ किलोच्या मुलासाठी. म्हणजे तुमच्या चिरंजीवांनी दिवसाच्या गरजेतलं अर्ध्याहून जास्त पिऊनच टाकलं. त्यावर बिस्किटं आणि चिप्स. वरणभाताला जागा कुठून राहणार? शिवाय दुधात लोह जवळजवळ नसतंच. दुधावर वाढणाऱ्या मुलाचं हिमोग्लोबिन उतरतं, हिमोग्लोबिन उतरलं की भूक आणखी मरते, आणि मग घरचे आणखी दूध पाजतात. तेवढी एक रक्ततपासणी मात्र त्याची करून घ्या, आणि जंताचं औषध सहा महिन्यांत दिलं नसेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारून द्या.

भुकेच्या औषधाबद्दल स्पष्टच लिहितो, कारण दवाखान्याची सुरुवातीची काही वर्षं मीही ते लिहून देत असे. त्या बाटलीत बहुतेकदा सायप्रोहेप्टाडीन नावाचं ॲलर्जीचं जुनं औषध असतं. त्यानं झोप येते आणि भूक लागते. महिनाभर मूल बरं जेवतं, आजी खूश, डॉक्टर हुशार ठरतो. बाटली संपली की गाडी परत होती त्या रुळावर. एका आईनं मला सलग पाचव्यांदा चिठ्ठी मागितली तेव्हा माझी मलाच लाज वाटली. धडधाकट मुलासाठी तेव्हापासून लिहिलेलं नाही.

भरवण्याबद्दल. "एक घास काऊचा, एक घास चिऊचा" करत आपण सगळेच मोठे झालो, मला त्यात काही वावगं वाटत नाही. पण तेव्हा घास भरवणारा माणूस मुलाच्या तोंडाकडे बघत असे आणि मूल कावळ्याकडे. मुलानं मान फिरवली की खेळ संपायचा. मोबाईलसमोर बसलेलं मूल मान फिरवत नाही, उघड्या तोंडानं गिळत राहतं. आपण किती खाल्लं हे त्याच्या पोटाला कळतच नाही. आज तो बारीक आहे म्हणून हे चालून जातंय. पाच वर्षांनी हाच मुलगा पडद्यासमोर पुडा संपवेल तेव्हा तुम्हीच मला विचाराल, हा थांबत का नाही.

मुलांना स्वतःच्या भुकेचा अंदाज असतो का? असतो, आणि बराच चांगला असतो. क्लारा डेव्हिस नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी १९२०-३०च्या दशकांत १५ बाळांवर एक प्रयोग केला. नुकतंच दूध तुटलेल्या या बाळांसमोर साध्या पदार्थांच्या वाट्या मांडायच्या आणि शेजारी बसलेल्या नर्सनं आग्रह करायचा नाही, सुचवायचं नाही, बाळानं हात केला तरच चमचा उचलायचा. कोणी एके दिवशी नुसती अंडी खाल्ली, कोणी नुसती केळी, एक जेवण दुसऱ्यासारखं नाही. पण महिन्यांच्या हिशेबात सगळी मुलं उत्तम वाढली. हा प्रयोग लोक अर्धवटच सांगतात. वाट्यांत धान्य, भाज्या, फळं, मांस, अंडी, दूध एवढंच होतं. साखर नव्हती, तळलेलं नव्हतं, पुड्यातलं काही नव्हतं. बाईंनी स्वतःच लिहून ठेवलंय की खरी युक्ती पदार्थांच्या त्या यादीत होती. निवड मुलांची, यादी मोठ्यांची.

हीच वाटणी पुढे एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी आईबापांना समजेल अशी मांडली: काय वाढायचं, कधी वाढायचं, कुठे बसून जेवायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. मी दवाखान्यात हे तोंडपाठ म्हणतो. आया माना डोलावतात आणि घरी जाऊन नेमकं उलटं करतात. काय खायचं ते मुलाला विचारतात ("राजा, मॅगी करू का?") आणि किती खायचं ते स्वतः ठरवतात.

आता थोरलीकडे वळतो. इथे जरा जपून वाचा.

तिचा बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा, २२.८ येतो. हा आकडा मोठ्या माणसात बरा दिसतो म्हणून गफलत होते. मुलांसाठी वयानुसार वेगळा तक्ता असतो. आपल्याकडे बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ साली भारतीय मुलांचे तक्ते काढले, त्यात तिचं वजन लठ्ठपणाच्या रेषेच्या वर जातं. "वयात आली की उंची वाढेल आणि आपोआप उतरेल" यावर विसंबू नका. पाळी येण्याआधीच्या दोन-तीन वर्षांत मुली थोड्या भरतात हे खरं, पण ही वाढ त्यापलीकडची आहे.

थायरॉइड असेल का, हा तुमचा पुढचा प्रश्न. तिची उंची वयाला साजेशी आहे, किंबहुना किंचित जास्तच. थायरॉइडनं किंवा दुसऱ्या हार्मोननं मूल जाड होतं तेव्हा उंची खुंटते. जास्त खाण्यानं जाड झालेलं मूल वर्गात उंचांच्या रांगेत असतं. त्यामुळे ते मला फारसं वाटत नाही. मला त्याहून काळजी आहे ती तुम्ही जाता जाता लिहिलेल्या ओळीची: "मान काळी पडलीय, कितीही घासली तरी मळ जात नाही." तो मळ नाही हो. घासणं आजपासून बंद करा, पोरीची कातडी सोलून निघेल. मानेवर, काखेत अशी जाडसर मखमली काळी पट्टी येते ती शरीरात इन्सुलिन जास्त पाझरतंय याची खूण असते. माझ्याकडे अशी एक मुलगी आली होती, तिच्या मानेवर लिंबू, बेसन आणि शेवटी भांडी घासायची घासणीसुद्धा वापरून झाली होती. आजीला मधुमेह आहे असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा उपाशीपोटीची साखर, गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी एचबीएवनसी, यकृतासाठी एसजीपीटी आणि रक्तदाब एवढं तपासून घ्या. घाबरून नव्हे, आज कुठे उभे आहोत ते कळावं म्हणून.

भाऊ बारीक आणि बहीण जाड, हे कसं? थोडं रक्तातलं आहेच. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या ५४० माणसांचा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या वजनाचा मेळ जन्मदात्यांशी बसला, वाढवणाऱ्या आईबापांशी बसला नाही. म्हणजे तुमच्या लेकीला भूक जास्त आणि "पोट भरलं" ही खूण उशिरा, असं जन्मतःच असू शकतं. तो तिचा हावरटपणा नव्हे. पण रक्तात आलेल्या भुकेला घरात काय मिळतं, ते घराच्या हातात आहे.

तुमच्या वहीतल्या दोन नोंदींपाशी मी थांबलो. पहिली: "भावाच्या ताटातलं उरलं ते तिनं संपवलं." दोन्ही दिवशी आहे ती. आजी त्याला चार घास जास्त वाढणार, तो टाकणार, अन्न वाया जायला नको म्हणून ताट ताईकडे सरकणार. "पानात टाकू नये" हा संस्कार चांगला, पण तो निम्म्यानं वाढून पाळायचा, थोरलीच्या पोटाची कचरापेटी करून नव्हे. दुसरी: "रात्री तिला एकच पोळी दिली, सॅलड दिलं. आम्ही आमरस घेतला." ताई, त्या टेबलावर आमरसाचं पातेलं आणि समोर काकडी घेऊन बसलेली नऊ वर्षांची मुलगी मला दिसली. गादीखालचे कागद कुठून येतात हे तिथेच कळलं.

१९९९ साली जेनिफर फिशर आणि लीअ‍ॅन बर्च या दोघी संशोधकांनी बालवाडीतल्या मुलांसमोर दोन सारखेच खाऊ ठेवले. एक मोकळा, दुसरा समोर दिसेल असा पण काही मिनिटांपुरताच मिळेल असा. मुलं त्या अडवलेल्या खाऊबद्दलच जास्त बोलत होती. नव्या सुनेलाही हे सांगावं लागत नाही, पण पोरांच्या बाबतीत आपण विसरतो. घरात वस्तू ठेवून मुलाला अडवलं की ते चोरी शिकतं. वस्तू घरातच नसली की चार दिवस कुरकुर होते आणि संपते.

म्हणून तुमच्या "कुणाला काय देऊ" या प्रश्नाला माझं उत्तर एकच: दोघांना एकच ताट. आणि तेच तुम्हा मोठ्यांनाही.

दूध दोघांना मिळून नव्हे, प्रत्येकी दिवसात दोन छोटे कप, साखर-पावडरीशिवाय. थोरलीचं साय काढून. झोपतानाचं बंद. पावडरीवर "हेल्थ ड्रिंक" लिहिलं असेल तर एवढं लक्षात घ्या की अन्न कायद्यात असा प्रकारच नाही. २०२४च्या एप्रिलमध्ये सरकारनं ऑनलाइन दुकानांना ही पेयं त्या नावाखालून काढायला सांगितलं ते त्यामुळेच. मग दिवसाच्या खाण्याच्या वेळा बांधा: न्याहारी, शाळेचा डबा, दुपारचं जेवण, पाचचं खाणं, रात्रीचं जेवण. रात्रीचं आठच्या आत. मधल्या अडीच-तीन तासांत फक्त पाणी, दोघांनाही. "भुकेला कोंडा, निजेला धोंडा" असं आपल्या आज्या म्हणत, पण भूक लागायला आधी पोट रिकामं व्हावं लागतं.

ताटात रोज एक तरी पदार्थ धाकट्याच्या ओळखीचा ठेवा, भात-मेतकूट का असेना. नवी भाजी चमचाभर, तीही काही न बोलता. दोन ते सहा या वयात मुलं अनोळखी पदार्थाला बिचकतातच. एखादी भाजी दहा-पंधरा वेळा ताटात दिसल्यावर एकदा ती जीभ लावतील. बहुतेक घरं तिसऱ्या वेळी "याला भेंडी आवडत नाही" असा शिक्का मारून मोकळी होतात. त्याला त्याच्या हातानं खाऊ दे, खाली वर्तमानपत्र पसरा. वीस-पंचवीस मिनिटं झाली की ताट उचला, न रागावता, न विनवता. पुढचं खाणं पुढच्या वेळेलाच. पहिले दोन-तीन दिवस तो खरंच कमी खाईल आणि सगळं घर तुमच्याकडे खुन्यासारखं बघेल. चौथ्या-पाचव्या दिवशी तो पाचच्या सुमारास स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहील. तेव्हा थालीपीठ तयार असू द्या, बिस्किटाचा पुडा नको.

थोरलीला जेवणाच्या ताटावर मोजमाप नको. तिला हवी तेवढी पोळी, भाजी, उसळ, वरण घेऊ द्या, फक्त पहिली भाजी-उसळ मग पोळी, आणि दुसऱ्यांदा घ्यायच्या आधी पाच मिनिटं गप्पा मारा. आमरस झाला तर सगळ्यांना एकेक वाटी, तिलाही. चिप्स, फरसाण, कोल्ड्रिंक वाण्याच्या यादीतूनच काढा. तिच्या बाबांनाही हे सांगावं लागेल, कारण वहीत रात्री दहाला टीव्हीसमोर "हे: शेव, वेफर्स" अशी नोंद आहे, आणि त्या सोफ्यावर ती शेजारीच बसलेली असणार. वजन कमी करायचं नाहीये, आहे तिथे थोपवायचं. वर्षभरात ती सहा सेंटिमीटर वाढली आणि वजन ४१वरच राहिलं तर बीएमआय २१च्या खाली येतो. एवढं झालं तरी मी तिला शाबासकी देईन. रोज तासभर घाम येईस्तोवर खेळ हवा. त्यासाठी अबॅकसचा क्लास सोडावा लागला तर खुशाल सोडा. झोप नऊ तास तरी.

एक गोष्ट तिच्यासमोर बंदच. काका तिला ज्या नावानं हाक मारतात ते तुम्ही लिहिलंय, मी इथे लिहीत नाही. त्यांना तिच्या बाबांनी सांगावं, तुम्ही नव्हे. आणि तुम्ही स्वतः "मी किती सुटलेय" म्हणत रात्री नुसतं सूप पिता ना, ते ती बघते. आईला आपलं अंग आवडत नाही, हे मुली फार लवकर शिकतात.

राहिल्या सासूबाई. त्यांच्याशी भांडू नका. त्यांचं बालपण येवल्याकडच्या खेड्यात गेलं म्हणता, म्हणजे ७२चा दुष्काळ त्यांनी दहा-बारा वर्षांच्या वयात पाहिला असणार. परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीच्या लाल भाकऱ्या आणि दुष्काळी कामावरची सुकडी खाऊन ज्यांनी दिवस काढले, त्यांना अर्धं भरलेलं ताट बघवत नाही. यात त्यांचं काही चुकत नाही. पण त्यांना हेही सांगा, हवं तर माझं नाव घेऊन: बारीक मूल भराभर फुगवणं आपल्याकडे विशेष धोक्याचं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जवळच्या खेड्यांतली बाळं मोजली. जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं लहान, स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानानं राखलेली. आणि दिल्लीत १९७०च्या सुमारास जन्मलेल्या मुलांचा तिशीपर्यंत पाठपुरावा झाला, त्यात ज्यांना तरुणपणीच मधुमेह किंवा त्याची सुरुवात सापडली ती दोन वर्षांची होईपर्यंत बारीक होती आणि नंतर झपाट्यानं भरत गेली. बाराव्या वर्षी त्यांतलं कोणीही लठ्ठ म्हणण्याइतकं जाड नव्हतं. आजींना स्वतःला मधुमेह आहे, सुई टोचून घेणं काय असतं त्या जाणतात. त्यांना हे पटेल.

भरवण्याचं काम त्यांच्याकडून काढलंत तर दुसरं द्या. वहीत त्या कुठेच जेवताना दिसत नाहीत. सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभ्यानं खात असणार. त्यांना नातवाशेजारी पाटावर बसवा, स्वतःचं ताट वाढून. आजी कारल्याची भाजी चवीनं खातेय हे बघितलेलं मूल एक दिवस "मला पण" म्हणतं. मोबाईल दुसऱ्या खोलीत, सगळ्यांचे.

धाकट्याचं वजन उतरायला लागलं, उंची सहा महिन्यांत जराही हलली नाही, वारंवार जुलाब किंवा ताप येऊ लागला, गिळताना ठसका लागायला लागला, किंवा थोरलीला फार तहान लागून रात्री सारखं लघवीला उठावं लागलं, तर यातलं काही न करता आधी डॉक्टरांकडे जा. नाहीतर दोघांची उंची आणि वजन तीन महिन्यांनी घेऊन मला कळवा. तोवर वजनकाटा माळ्यावर टाका. दर रविवारी पोरीला त्यावर उभं करता असं लिहिलंय तुम्ही.